तेल प्यालेला दगड

मी युनियनची पत्रकं वाचत वाढले. हत्यारं कसली पुजता, ती चालवणाऱ्या हातांची विचारपूस करा, असं मी दर खंडेनवमीला घरात ऐकवायचे. कुणी मनावर घेत नसे. तमिळ मुलखात, एग्मोरच्या आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये विळी, सुरी आणि आईचा धारेचा दगड ठरल्याप्रमाणे पाटावर मांडले जात.

दगड आईच्या माहेरचा, साताऱ्याकडचा. ती तो आधी पाण्यात बुडवून ठेवी आणि बुडबुडे थांबले की सुरी घासायला बसे. मधे खळगा पडू लागला की मागच्या पायरीवर वाळू टाकून, तीवर घासून त्याला सपाट करी. वाळवायचा तो सावलीतच. दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला खपत नसे.

त्या वर्षी वहिनी नवी होती, तंजावरकडच्या मराठी घरातली. आईने पहिल्यांदाच पूजा तिच्यावर सोपवली. तिच्या माहेरी पूजेतल्या दगडाला तेलाने न्हाऊ घालत. तिने हात भरून खोबरेल चोळलं, वर गंध, कुंकू. दगड रात्रभर तेल पीत राहिला.

दसऱ्याच्या सकाळी आई धार लावायला बसली, तर सुरी नुसतीच घसरायला लागली. गिंडीच्या कारखान्यात काम करणारा माझा भाऊ हसला. "तंजावरी अभ्यंग झालं त्याला. टाकून दे, नवा आणतो."

वहिनी दाराला धरून उभी होती. हे पहिलंच काम बिघडलं. आता या स्वयंपाकघरात आपल्याला कुणी काही करू देईल का, एवढंच तिच्या चेहऱ्यावर होतं. मी भडकले. नियम सांगायचा नाही आणि चुकल्यावर हसायचं, ही मालक लोकांची रीत झाली, असं भावाला सुनावलं.

"भाषण मग दे," आई म्हणाली. "आधी सोड्याचं गरम पाणी आण."

आम्ही दगड घासघासून धुतला. तरी पाणी वरच्या वर ओघळून जाई. आईने बोटाने चाचपून पाहिलं, तेल आत मुरलं होतं. मग तिने शिलाई मशीनच्या तेलाची बाटली मागवली, दोन थेंब टाकले आणि सुरी ओढली. पातं दगडावर पकड घेऊ लागलं.

"आता याला पाणी चालायचं नाही," ती वहिनीला म्हणाली. "आणि तेलावर धार लावणं मलाही येत नाही. बैस, दोघी मिळून बघू."

वहिनी पदर खोचून खाली बसली आणि दगड धरू का, असं तिने हळूच विचारलं.

"दगड मी धरते," आई म्हणाली. "तू सुरी घे."