पेन्सिलीची ओळ

बाईंकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते कॉलेजच्या ग्रंथालयात. निवृत्त झाल्यावर मी तिथे वर्तमानपत्रं वाचायला जात असे. समोरच्या टेबलावर एक सडपातळ बाई जुन्या वहीतून काहीतरी कार्डावर उतरवत होत्या. निळ्या पेनाने दोन ओळी लिहिल्या, टोपण लावलं. हिरवं पेन उघडलं, एक ओळ लिहिली, टोपण लावलं. मग पेन्सिल घेतली. माझ्या वर्गात असत्या तर टापटिपीचे पाच गुण जादा दिले असते.

निवृत्तीपूर्वी त्या तिथेच इतिहास शिकवत. गावातल्या आणि आसपासच्या सुईणींची शंभर वर्षांची माहिती त्यांनी तीस वर्षं खपून जमवली होती. एका सुईणीचं एक कार्ड, अशी तेवीसशे कार्डं, बुटांच्या अकरा खोक्यांत. बाई भावाकडे राहत. त्यांच्या वहिनी मला म्हणाल्या होत्या, "लोकांच्या कपाटात साड्या असतात. आमच्या वन्संच्या कपाटात आठ नंबरचे बूट."

मग कॉलेजने ठरवलं की ही माहिती कॉम्प्युटरवर घालायची, म्हणजे कुणालाही घरबसल्या शोधता येईल. बाईंच्या भाचीने सात महिने बसून सगळी कार्डं टाइप केली. बाईंनी मधूनमधून ताडून पाहिलं, शब्द न शब्द बरोबर होता.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी चाचणी होती, म्हणून बाईंनी मलाही बोलावलं. ग्रंथालयाचे शिपाई, ज्यांना सगळे मामा म्हणत, खुर्च्या मांडत होते. ते म्हणाले, पहिली माझी आजी शोधा, निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलंय. भाचीने नाव घातलं. पडद्यावर पाच ओळी आल्या. शेवटची होती, 'बाळ दगावल्यावरून दवाखान्यातून काढलं.'

मामांनी चष्मा पुसून ती पुन्हा वाचली.

"बाई, हे खरं आहे?"

बाईंनी खोक्यातून कार्ड काढलं. चार ओळी निळ्या-हिरव्या होत्या, पाचवी पेन्सिलीची. निळं म्हणजे कागदोपत्री स्वतः पाहिलेलं, हिरवं म्हणजे कुणी सांगितलेलं, पेन्सिल म्हणजे बाईंचा नुसता तर्क. ज्या महिन्यात दवाखान्यात एक बाळ दगावलं, त्याच महिन्यापासून आजीचं नाव पगारपत्रकात दिसेनासं झालं होतं, एवढ्यावरून केलेला. हा रंगांचा हिशोब त्यांनी कुठेच लिहून ठेवला नव्हता. कार्डं त्यांच्याशिवाय कुणी वाचतच नव्हतं. पडद्यावर मात्र सगळ्या ओळी सारख्याच काळ्या.

"मावशी, मला वाटलं तुझ्या पेनातली शाई संपत असेल," भाची रडवेली होऊन म्हणाली.

"तुझं काही चुकलं नाही. मी सांगितलंच नव्हतं."

प्राचार्यांना बोलावलं. ते म्हणाले, पत्रिका गेल्यात, पाहुणे येणार, उद्या यादी उघडू आणि मग सावकाश दुरुस्त करू.

"सर, एकदा लोकांनी वाचलं की तो माझा तर्क राहत नाही," बाई म्हणाल्या. "यांच्या आजीवर कायमचा ठपका बसतो."

प्राचार्यांनी हातातली पत्रिका खिशात घातली आणि कार्यक्रम पुढे ढकलल्याचं कळवायला ते पाहुण्यांना फोन करायला गेले. मांडलेल्या खुर्च्या मामांनाच उचलाव्या लागल्या. त्यातली एक बाईंनी उचलली, एक मी.

दोन दिवसांनी मामा बाईंच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. त्या साली आजी जिन्यावरून पडून तिचा पाय मोडला होता, तेव्हापासून ती घरीच होती, असं त्यांची आई सांगायची. बाईंनी पेन्सिलीची ओळ खोडली नाही. तिच्याखाली हिरव्या पेनाने मामांचं म्हणणं लिहिलं, पुढे तारीख घातली आणि मामांना वाचून दाखवलं.

यादीत आता 'कशावरून' असा नवा रकाना आहे. तो भरून होईपर्यंत यादी बंदच आहे. बाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्या भाचीशेजारी बसून प्रत्येक ओळीचा रंग सांगतात. या आठवड्यात सातवं खोकं चालू आहे.