ऑर्गनच्या आतून आलेली हाक

आधीच सांगते, मी शाळेत फिजिक्स शिकवते. ‘ध्वनी’ हा धडा दरवर्षी शिकवून शिकवून तोंडपाठ झालाय. लग्न होऊन साताऱ्याहून बनारसला आले, त्याला बरीच वर्षं झाली. मणिकर्णिकेच्या स्मशानघाटावरून एकटी येते-जाते, कधी अंगावर काटा आला नाही. स्टाफरूममध्ये कुणी भुताखेताचं काढलं की मी सरळ वह्या तपासायला घ्यायचे. भुतांच्या अनुभवांच्या या पानावरही मी इतके दिवस वाचायला, आणि खरं सांगायचं तर थोडं हसायला येत होते. आज स्वतःच लिहितेय... कारण माझ्या नवऱ्याने, श्रीरंगने, काल म्हटलं, “एकदा लिहून टाक. कुणाला काही सुचलं तर सुचलं.”

आमचं घर मंगला गौरीजवळच्या गल्लीत. सासरचा धंदा पेट्या दुरुस्त करण्याचा — म्हणजे हार्मोनियम. श्रीरंगचा कान फार तयार आहे. कोलकात्याचे एक म्हातारे कारागीर दर हिवाळ्यात इकडच्या चर्चमधले मोठे पाइप ऑर्गन दुरुस्त करायला यायचे. श्रीरंग हौसेने त्यांच्या हाताखाली ते काम शिकला. त्यांचं येणं थांबल्यावर कँटोन्मेंटकडच्या एका जुन्या चर्चने त्यालाच विचारलं. चर्चचं नाव मुद्दाम देत नाही. तिथल्या लोकांनी आमचं काही वाईट केलेलं नाही.

ज्यांनी पाइप ऑर्गन बघितला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. पेटी आपण टेबलावर ठेवतो. हा ऑर्गन म्हणजे एक घरच समजा. भिंतीला लागून दुमजली लाकडी कपाट. समोर दिसतात त्या चकचकीत नळ्या म्हणजे नुसता दर्शनी भाग. आत शेकडो नळ्या ओळीने उभ्या — काही दोन माणसांइतक्या उंच, काही पेन्सिलीएवढ्या. खाली चामड्याचा प्रचंड भाता. पूर्वी तो माणसं हाताने भरायची, आता मागच्या खोलीतली मोटर भरते. तुम्ही बाहेर पट्टी दाबली की आत त्या नळीखालची झडप उघडते आणि भात्यातली हवा तिच्यातून जाते. बस्स. पेटीसारखंच, फक्त राक्षसी.

ट्यूनिंगला दोन माणसं लागतात. एक बाहेर पट्टी दाबून धरतो, दुसरा आत नळ्यांच्या मधल्या अरुंद फळ्यांवर उभा राहून सूर मिळवतो. नळीच्या तोंडाशी पत्र्याची एक कडी असते. ती हलकेच ठोकून वर-खाली केली की सूर चढतो-उतरतो. दोन नळ्या एकत्र वाजवायच्या — सूर जुळत नसेल तर आवाज थरथरतो, वाँव-वाँव-वाँव असा. ठोकत गेलं की थरथर मंदावते आणि शेवटी आवाज सरळ, काचेसारखा होतो. मग आतला माणूस ओरडतो, बाहेरचा पुढची पट्टी दाबतो. असं तासन्‌तास.

एका डिसेंबरात श्रीरंगचा नेहमीचा मदतनीस गावी गेला होता. ख्रिसमस तोंडावर. माझ्या शाळेला थंडीची सुट्टी. म्हणून मी गेले. आधीही एकदोनदा गेले होते, कंटाळवाणं काम आहे.

दुपारची वेळ होती. सकाळचं धुकं जाऊन चांगलं ऊन पडलेलं. चर्चची देखभाल करणारे डेविड चाचा बाहेर अंगणात उन्हात बसून मटार सोलत होते. आत आम्ही दोघंच. मी ऑर्गनसमोरच्या बाकावर — समोर पट्ट्या, त्यांच्यावर ऑर्गनची लाकडी भिंत. आतलं काही दिसत नाही. माझ्या उजव्या हाताला आत जायचं छोटं दार. डाव्या हाताला खिडकी, तिची एक रंगीत काच फुटली होती म्हणून साधी बसवलेली, तिच्यातून अंगण दिसायचं.

श्रीरंग त्या दिवशी छोट्या दाराने न जाता मागच्या मोटरच्या खोलीतून आत गेला. का, ते मी विचारलं नाही. लांब नळ्या मागे आणि आखूड होत होत दारापाशी, अशी ओळ होती. त्याने मागून सुरुवात केली.

“हां, आगे!” तो ओरडायचा. मोटरची घरघर असते, ओरडावंच लागतं. तो इथेच जन्मलेला, घरातलं त्याचं मराठी निम्मं हिंदी. मी पट्टी दाबायची. वाँव-वाँव... टक टक... सरळ. “आगे!” पुढची पट्टी.

असं बराच वेळ चाललं. मध्ये एकदा ठोकणं थांबलं, मला वाटलं दम खातोय. मग पुन्हा सुरू झालं.

“पुढे.”

मला हसूच आलं. म्हटलं, चला, आज सासूबाईंनी ऐकायला हवं होतं, लेक शुद्ध मराठी बोलतोय. पट्टी दाबली. टक टक. थरथर मंदावली. सूर सरळ.

“पुढे.”

आणखी पाच-सहा नळ्या झाल्या असतील. सूर चढत होते, म्हणजे तो दाराकडे सरकत होता. ठोकण्याचा आवाज जवळ येत होता, ते बरोबरच होतं. फक्त एक गोष्ट खटकली... तो ओरडत नव्हता. मोटर चालूच होती, आणि तरी तो शेजारी बसून बोलल्यासारखा ऐकू येत होता.

मी पट्टी दाबून धरली आणि मान मोकळी करायला डावीकडे वळवली.

खिडकीतून श्रीरंग दिसला.

अंगणात. फाटकाजवळ. फोन कानाला लावून, पाठ माझ्याकडे. चॉकलेटी स्वेटर, खांद्यावर धूळ. चाचा मटार सोलता सोलता त्याला काहीतरी सांगत होते आणि तो मान हलवत होता.

माझं बोट पट्टीवरच होतं. आत टक टक चालू होतं. वाँव... वाँव... वाँ...व... आणि सूर सरळ झाला. माझ्या डोळ्यांसमोर तो फाटकाशी उभा आणि इकडे कानावर —

“पुढे.”

त्याचाच आवाज. शंभर टक्के. इतकी वर्षं ऐकतेय मी तो आवाज.

भीती वाटली म्हणजे काय झालं, ते सांगते. ओरडले नाही, पळाले नाही. पट्टीवरचं बोट उचलता येईना. बोट आहे हेच कळेना. तो एक सूर नुसता वाजत राहिला, सरळ, न थरथरता. मग कसंतरी बोट निघालं. सूर बंद झाला. आता फक्त मोटरची घरघर.

“थांबलीस का?”

मी बाकाची कड घट्ट धरली.

“टॉर्च घेऊन आत ये गं. मला दिसत नाहीये.”

आता तुम्ही म्हणाल, नवरा डोळ्यांना बाहेर दिसतोय तर ही बाई उठली कशाला. मीही स्वतःला हेच विचारते. मी पुन्हा खिडकीकडे बघितलं तेव्हा फाटकाशी कुणी नव्हतं. त्या क्षणी डोक्याने सोपा हिशेब केला — तो दुसरा कुणीतरी होता, तसलाच स्वेटर घातलेला. आवाज खोटा कसा असेल? आवाज तर त्याचाच आहे. अंधारात अडकला असेल, धडपडला असेल. मी मोबाइलचा टॉर्च लावला आणि दाराची कडी काढली.

आत मिट्ट काळोख. जुन्या लाकडाचा, चामड्याचा वास. हातात फोन होता, पण प्रकाश मी समोर धरला होता, नळ्यांवर. त्यांच्या ओळी दिसत होत्या, माणूस दिसत नव्हता.

“श्रीरंग?”

“इथेच आहे.” अगदी जवळून. हात लांब केला असता तर लागला असता इतक्या जवळून. “ये. पाऊल टाक.”

मी उजवा पाय उचलला होता. हे मला पक्कं आठवतंय, चौकट डाव्या हाताने धरली होती आणि पाय हवेत होता.

“अगं, आईचा फोन नव्हताच! कशाला पाठवलंस मला बाहेर?”

हा आवाज मागून. चर्चच्या मोठ्या दारातून. मोठ्याने, चिडका, चपलांच्या फटफटीसकट.

मी पाय मागे घेतला आणि टॉर्च खाली केला. दाराच्या आत फळी नव्हती. जिथे मी पाऊल टाकणार होते तिथे काही नव्हतंच. खाली माणूसभर खोल खड्डा, आणि त्यात जुन्या भात्याचा लोखंडी सांगाडा, गज वर करून उभा.

मी तिथेच खाली बसले. श्रीरंग धावत आला. माझ्याकडे बघून, मग उघड्या दाराकडे बघून त्याचा चेहरा पांढरा पडला.

“दार का उघडलंस? फळी काढलीय मी तिथली! भात्याचं चामडं बघायला काढली होती सकाळी. तुला आत यायचं कामच नव्हतं म्हणून बोललो नाही...”

“तू बोलावलंस.”

“मी तर बाहेर होतो.”

“तू बाहेर का गेलास?”

“तूच तर सांगितलंस. ओरडलीस ना — आईंचा फोन येतोय, इथे रेंज नाही, बाहेर जाऊन लाव. मी मागच्या दाराने गेलो. आईला लावला तर ती म्हणते, मी कशाला करू, मी तर झोपले होते.”

मी असं काही बोलले नव्हते. त्याचा फोन वाजल्याचंही मी ऐकलं नव्हतं. त्याच्या फोनवर आईंचा मिस्ड कॉलसुद्धा नव्हता.

श्रीरंगने दार लावलं, कडी घातली आणि मागे जाऊन मोटर बंद केली. भाता खाली बसला. बसताना त्यातली हवा निघते, सुस्कारा सोडल्यासारखा आवाज होतो. तो दर वेळी होतो, त्यात काही नाही. पण मला तो ऐकवेना. मी कानात बोटं घालून बाहेर पळाले.

चाचांनी पाणी दिलं. श्रीरंगने त्यांना विचारलं, “चाचा, मैं जब यहाँ फोन पर था, अंदर से कुछ सुनाई दिया?”

“हाँ भैया, बाजा तो बज ही रहा था,” चाचा म्हणाले. “एक-एक सुर, जैसे आप लोग करते हैं। ठोकने की आवाज भी आ रही थी। हम सोचे कि मैडम भी सीख गई हैं।”

इथे कुणी कधी आत पडलं होतं का, मेलं होतं का, तेही आम्ही विचारलं. चाचांचे वडीलही तिथेच कामाला होते. ते म्हणाले, असं काहीच कधी ऐकलेलं नाही. पादरीसाहेबांनीही तेच सांगितलं. मला वाटतं कुणीतरी मेल्याची गोष्ट असती तर जरा बरं वाटलं असतं. निदान काहीतरी हाताला लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. पण श्रीरंगने शब्द दिला होता आणि ख्रिसमसला ऑर्गन वाजायचा होता. तो दोन मित्रांना घेऊन गेला, दिवे लावले, फळी परत बसवली, सगळे मिळून आत शिरले. संध्याकाळी घरी आला तो जेवला नाही. आई विचारत राहिल्या, पोट बिघडलंय म्हणाला. मग मला गच्चीवर घेऊन गेला.

“मी मधल्या नळ्यांपर्यंत आलो होतो,” तो म्हणाला. “पुढच्या सगळ्या बाकी होत्या. त्या मला करताच आल्या नसत्या, कारण त्यांच्यापर्यंत हात पोचायला ती काढलेली फळीच लागते. आधी ती बसवणार, मग त्या करणार होतो.”

“मग?”

“त्या मिळवलेल्या आहेत.”

मला कळेना काय म्हणतोय.

“सुरात आहेत गं. सूर मोजायचं मशीन लावून बघितलं. माझ्यापेक्षा चांगल्या मिळवल्यात. कड्यांवर ठोकल्याच्या ताज्या खुणा आहेत. दाराजवळची एक नळी आहे, तिथपर्यंत. तिच्या पुढची बेसूर.”

मी कुठल्या पट्टीवर थांबले ते त्याने विचारलं. मी सांगितलं. तीच नळी.

उरलेल्या नळ्या त्याने मित्रांना शेजारी उभं करून पूर्ण केल्या. ख्रिसमसला ऑर्गन वाजला. लोक म्हणाले, इतका सुंदर कधीच वाजला नव्हता. आम्ही ऐकायला गेलो नव्हतो. श्रीरंगने ते काम नंतर सोडलं. लखनऊहून कुणीतरी येतात आता.

मी डोकं लावून बघितलं. नळ्यांच्या जंगलात आवाज घुमतो, दिशा कळत नाही, हे खरं. एकसारख्या घरघरीत माणसाला नसलेले शब्द ऐकू येतात, हेही मी वर्गात सांगते. पण मग चाचांनी काय ऐकलं? नळ्या कुणी मिळवल्या? आणि सगळ्यात जास्त मला हे छळतं — मराठीच का? त्या चर्चमध्ये आमच्याशिवाय ते कुणाला येत होतं? “थांबलीस का” हे असं, त्या सुरात, घरातलंच माणूस म्हणतं. दोघांना एकमेकांच्या आवाजात हाक मारून वेगळं करणारं ते काय होतं, आणि त्याला माझ्याशी काय घेणं होतं... मला माहीत नाही. कुणाला माहीत असेल तर सांगा. मात्र “मनाचे खेळ” एवढंच लिहायचं असेल तर नका लिहू, ते मी स्वतःला रोज सांगते.

आमच्या घरी आता कुणी दुसऱ्या खोलीतून हाक मारत नाही. आईंना आम्ही खरं कारण सांगितलेलं नाही. त्या चिडतात, म्हणतात, दहा हाका मारल्या तरी सूनबाई ओ देत नाही, कान गेलेत की काय. मी ऐकलेलं असतं. मी उठते, त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत जाते, त्या पलंगावर बसलेल्या आहेत हे डोळ्यांनी बघते. आणि मगच म्हणते, “आई, हाक मारलीत?”