पासपोर्ट शिवेच्या आत

ताई कामाच्या वेळात कधी फोन करत नसे. त्या दिवशी केला, आणि कुजबुजत बोलली. ती इंग्लंडमधल्या एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना अंघोळ घालते, भरवते, कूस बदलून देते. कुशल कामगारांच्या व्हिसावर ती गेली त्याला वर्ष उलटून गेलं होतं. तिची पाच वर्षांची मुलगी आणि नवरा इथे मालवणजवळच्या आमच्या गावात, बाबांच्या आणि माझ्या घरात राहत होते. जम बसला की दोघांना न्यायचं, असं ठरलेलं.

"आयक," ताई म्हणाली, "हयल्या सरकारान जाहीर केल्यान. आमच्यासारख्या कामवाल्यांक आता घरच्यांक आणूक मिळाचा नाय. थोड्या म्हयन्यांत कायदो येतलो."

"आणि आदी गेल्ल्यांचा काय?"

"कोणाक म्हायत नाय गो. मालकीण म्हणता, माका म्हायत नाय. एजंट म्हणता, घाई करा. म्हातारी हाक मारता, जातंय."

आमच्या घरात रद्दी कधी साचली नाही, पत्रकं साचली. बाबा शाळामास्तर होते आणि सुट्टीच्या दिवशी एसटीने गावोगाव फिरून ती वाटत. बुवाबाजीविरुद्ध, खाणींविरुद्ध, जमिनी गिळणाऱ्यांविरुद्ध. मी जोडाक्षरं त्या कागदांवरच शिकले. त्यामुळे अन्याय दिसला की मला आधी राग येतो, भीती मागाहून. त्या दिवशी उलटं झालं. भाची पडवीत बसून सुपातल्या तांदळातले खडे वेचत होती आणि मी तिच्याकडे बघूच शकत नव्हते.

राग संध्याकाळी आला. ज्या देशाला आपले म्हातारे उचलायला माझ्या बहिणीचे हात हवेत, त्याला त्या हातांत तिचं पोर नको! हे मी बाबांना ऐकवलं. ते म्हणाले, "बरोबर. पण ह्या सांगतलंस कोणाक?"

खरंच, कोणाला? तहसीलदाराच्या दारात बसता येतं. कलेक्टरला घेराव घालता येतो. या नियमांना दार नव्हतं. एक संकेतस्थळ होतं, त्यावर नियम होते, नियमांना परिशिष्टं होती आणि परिशिष्टांना अपवाद. मी एमए झालेली बाई एकेक वाक्य चारदा वाचायचे. मुलीला एकटीला पाठवता येत नाही, आईबाप दोघंही तिथे असले पाहिजेत, नाहीतर सगळी जबाबदारी एकट्या आईची असल्याचं सिद्ध करा. म्हणजे भाऊजींनाही गेलंच पाहिजे. दोघांची फुप्फुसं निरोगी असल्याचा दाखला हवा. आणि लग्न खरं असल्याचा पुरावा हवा.

या शेवटच्या मागणीने भाऊजी खचले. ते इलेक्ट्रिशियन, कमी बोलणारे. बायकोला त्यांचे मेसेज म्हणजे "जेवलंय" आणि "पाऊस आसा".

"ह्येच्यावर कोण इस्वास ठेयत?" ते म्हणाले.

"भांडणां घाल," बाबा म्हणाले. "खोट्या नवरा-बायकोक येवढी भांडणां जमाची नाय."

आम्ही हसलो. मग खरोखरच मेसेजमधली भांडणं छापली. ताईने गेल्या गणपतीत भाऊजींना काय काय म्हटलं होतं, ते मी इंग्रजीत आणताना माझे कान तापले. परक्या मुलखातला कोणीतरी अधिकारी ते वाचून ठरवणार होता की माझी बहीण खरी बायको आहे की नाही.

अर्ज भरला. पण एजंट म्हणाला की अर्जाचा दिवस धरत नाहीत, बोटांचे ठसे दिल्याचा दिवस धरतात. संकेतस्थळावर मला तसं दिसत नव्हतं, उलटही खात्रीने कळत नव्हतं. पणजीच्या व्हिसा केंद्रात ठसे देण्यासाठी मोठ्या मुश्किलीने एक सकाळ मिळाली. ती चुकली तर पुढची कधी, हे एजंटही सांगेना. बरोबर मूळ पासपोर्ट हवेत, एवढं मात्र सगळीकडे ठळक लिहिलं होतं.

आणि त्याच आठवड्यात देवाने गावपळणीचा कौल दिला.

आमच्याकडे काही वर्षांनी एकदा अख्खा गाव घरांना कुलपं लावून शिवेबाहेर जातो. तीन दिवस, तीन रात्री. गुरं, कुत्री, कोंबड्या, आजारी, बाळंतिणी, सगळे. हिंदू जातात, तसे शेजारचे ख्रिस्ती आणि मुसलमानही जातात. ओढ्यापलीकडे झावळ्यांच्या झोपड्या उभ्या राहतात, चुली पेटतात, भजनं होतात, खेकडे पकडले जातात. त्या दिवसांत गावात माणूस राहायचा नाही. कधी पळायचं ते देव सांगतो आणि परत कधी यायचं तेही देवच सांगतो. चौथ्या दिवशी सकाळी मानकरी तेवढे देवळात जातात, पाषाणावर ओल्या कळ्या चिकटवतात आणि बघत बसतात. उजवी पडली तर गाव परत.

बाबांनी जन्मभर कौलाविरुद्ध लिहिलं, पण गावपळणीला ते नेहमी निघायचे. "ही सगळ्या गावाची सुट्टी आसा," म्हणायचे. "सुट्टीक माझो इरोध नाय." मला ते कधी पटलं नाही. पण या वेळी मी वाद घातला नाही, कारण हिशोब जुळत होता. चौथ्या दिवशी परत यायचं, पाचव्या दिवशी पहाटे पणजीला निघायचं.

चूक आम्ही तिघांनी मिळून केली. पासपोर्ट आणि कागद बरोबर घ्यायचे की नाही, यावर बोलणंसुद्धा झालं. झोपडीत चूल, वर वाळक्या झावळ्या, शेजारी कागद दिसला की चघळणारी करडं. भाऊजी म्हणाले, लोखंडी कपाटाइतकी सुरक्षित जागा नाही. मला पटलं. परतीचा कौल नाकारलेला आमच्यापैकी कोणी पाहिलेला नव्हता.

चौथ्या दिवशी आमचं सामान बांधून तयार होतं. मोठे मानकरी ओढा ओलांडून आले. वयाने सत्तरीपुढचे, बाबांचे शाळासोबती. चपला हातातच धरून ते सगळ्यांसमोर उभे राहिले.

"देव कौल देना नाय," ते म्हणाले. "आजून एक रात. उद्या सकाळी परत इचारूया."

लोक हसले, कुरकुरले, पुन्हा चुली मांडू लागले. मी भाऊजींकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मी जावन घेवन येतंय," मी म्हटलं. "अर्ध्या तासात परत."

"नको." त्यांनी माझं मनगट धरलं. त्यांनी मला असं कधीच धरलं नव्हतं. "देवाचा मोडून आणलेले कागद, आणि तेच्यावर माझा चेडू इमानात बसतला? आणि नाय आणले तर थयलो सायब अर्ज फेकतलो. दोन सायबांक एकदम दुखवूक माका जमाचा नाय गो."

ते देवाला घाबरले होते. मी नाही, असं मी स्वतःला बजावत होते. मी गावाला घाबरले होते. उद्या कोणाचं जनावर मेलं, कोणाची होडी उलटली, तर बोट आमच्याकडे दाखवलं जाईल. व्हिसा नाकारला गेला, तर भाचीला याच गावात, याच मुलांबरोबर वाढायचं होतं. तरी गुपचूप जाणं मला मंजूर नव्हतं. जे चूक वाटत नाही ते लपून का करायचं? मी मोठ्या मानकऱ्यांसमोर जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगितलं: पासपोर्ट कुठे आहेत, उद्या सकाळी काय आहे, चुकलं तर काय होईल.

ते म्हणाले, "बाय, माका कळता. पण देवाक इचारल्याशिवाय शिवेच्या आत जा म्हणान मी कसा सांगू? आणि आज परत इचारूक येवचा नाय."

भोवती माणसं जमली. मागून एक बाई म्हणाली, "बापाशीन जल्मभर पत्रकां वाटल्यान, देव नाय म्हणान. आता चेडवाक देवाची परवानगी होयी!"

"पत्रक वाट गो एक," दुसरा कोणी म्हणाला. "इंग्लंडच्या राजाक."

हशा पिकला. रागाने बोलणं मला जमतं, भीतीने मात्र वाचा बसते. भाची माझ्या कमरेला बिलगली होती आणि लोक का हसताहेत ते विचारत होती.

तेवढ्यात बाबा पुढे झाले. मला वाटलं, ते आता भाषण करतील. किंवा, जे त्याहून भयंकर झालं असतं, हात जोडतील. त्यांनी दोन्ही केलं नाही.

"माका देवाक इचारूचा नाय," ते म्हणाले. "ता तुमका म्हायत आसा. मी तुमका इचारतंय. ह्या पोराची आवस थंय एकटी आसा. कागद घराक ऱ्हवले, चूक आमची. माझा चेडू आत जातला, कपाट उघडतला, परत येतला. दिसान जातला, चोरून नाय. तुमी नको म्हणालात तर जावचा नाय. जाव दे काय?"

मला वाटतं, इतक्या वर्षांत असा प्रश्न त्या लोकांना कोणी थेट विचारलाच नव्हता. देवाने सांगितलं की पळायचं, सरकारने सांगितलं की रांगेत उभं राहायचं. चुलीवर कसलं तरी कालवण उतू गेलं, तरी ते बघायला कोणी वळलं नाही. मी एकेका चेहऱ्याकडे पाहत होते आणि प्रत्येक चेहऱ्यावर मला नकार दिसत होता.

मग मघाशी टोमणा मारणारी बाईच म्हणाली, "माझी सून मस्कताक आसा. नातू माझ्याकडे निजता. रातची आवशीची साडी उशाक घेता."

मोठ्या मानकऱ्यांनी बसायची प्लास्टिकची खुर्ची उचलली, गावाकडे पाठ करून मांडली आणि ओढ्याच्या खालच्या अंगाला बघत बसले. "आज खेकडे बरे गावतत मां?" ते कोणालाच उद्देशून नसल्यासारखे म्हणाले. "मी कायेक बघूक नाय."

एकेक करून बाकीचेही वळले. काहींनी वळताना मला शिव्या घातल्या, त्या मी ऐकल्या. दोघंतिघं वळलेच नाहीत, माझ्याकडे रोखून बघत राहिले. पण वाट कोणी अडवली नाही.

ओढा ओलांडून मी गावात शिरले. ऊन कलतीला लागलं होतं. मी देव मानत नाही, भूत मानत नाही, तरी त्या रस्त्यावर दर चार पावलांनी मी मागे वळून बघत होते. कुत्रं भुंकलं नाही. कुठे भांडं वाजलं नाही. माझ्याच चपलांचा आवाज समोरच्या भिंतींवरून परत येत होता, म्हणून मी त्या काढून हातात घेतल्या. आमच्या अंगणात तीन दिवसांचा पाचोळा होता आणि त्यावर कोणाचंच पाऊल नव्हतं. कपाटाच्या कुलपात किल्ली बसेना. मी मोठ्याने स्वतःला शिवी हासडली. त्या रिकाम्या घरात माझा आवाज ऐकून मलाच दचकायला झालं. पासपोर्ट, दाखले, भांडणांचा गठ्ठा, सगळं पिशवीत कोंबून मी पळत सुटले.

परत आले तेव्हा वळलेले सगळे अजून पाठमोरेच होते. भाऊजींनी पिशवी घेतली, उघडून पाहिली आणि गावाच्या दिशेला हात जोडले.

दुसऱ्या दिवशी पहाटे झोपडीतूनच निघालो आणि पणजीत भाचीची बोटं काचेवर ठेवली. ठसे उमटेनात, काच पुन्हा पुन्हा पुसावी लागली, आणि प्रत्येक वेळी मी श्वास रोखून उभी. मग वाट बघणं. ईमेलचा आवाज झाला की बाबा, भाऊजी आणि मी, तिघंही हातातलं टाकून यायचो. त्या काळात शेजारची म्हैस मेली तेव्हा दोन दिवस मी विहिरीवर गेले नाही.

व्हिसा आला. दोघांचाही. पुढे कायदा लागू झाला तेव्हा नीट कळलं की ताईसारख्या आधीपासून तिथे असलेल्यांना तो लागणारच नव्हता. आम्ही ती सकाळ चुकवली असती तरी चाललं असतं. हे मी ताईला सांगितलं तेव्हा ती चिडली. "आता सांगतंस? तेव्हा खंय लिवलेला होता ता?" खरंच, तेव्हा आमच्या हाताला लागेल असं कुठेही लिहिलेलं नव्हतं.

आता ती तिघं एकत्र आहेत. मला निवांत वाटायला हवं. पण ताईचा व्हिसा तिच्या मालकिणीच्या, परदेशी कामगार ठेवायच्या परवान्याला बांधलेला आहे. परवाना गेला तर थोड्या अवधीत दुसरं काम शोधायचं, नाहीतर तिघांनीही परत यायचं. म्हणून तिला जादा पाळी लावली तरी ती नाही म्हणत नाही. पाठ धरली तरी रजा घेत नाही. मी एकदा म्हटलं, हे सगळं मी लिहिणार, त्या वृद्धाश्रमाच्या नावासकट. ती इतकी घाबरली की मलाच तिची समजूत काढावी लागली. म्हणून इथे कुणाचंही नाव नाही.

गेल्या रविवारी आम्ही व्हिडिओ कॉलवर बोलत होतो. भाची शाळेतलं चित्र दाखवत होती. तेवढ्यात त्यांच्या दारावर थाप पडली. भाऊजींनी हातातला कप अलगद खाली ठेवला. ताई उठून भिंतीला लागून उभी राहिली. कोणी साहेब तपासायला आला तरी त्यांचे सगळे कागद चोख आहेत, हे मला माहीत आहे, कारण ते मीच लावलेत. भाचीने चित्र खाली केलं, तोंड फोनच्या अगदी जवळ आणलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"मावशे," ती कुजबुजली, "कोण तरी इला. बोला नको."

मी गप्प बसले. मालवणजवळच्या माझ्या घरात, भर दुपारी, श्वाससुद्धा हळू घेत.