चौथीवालं तेल

नव्वद म्हणजे काय, हे मला बायकोनं शिकवलं. जन्मभर ट्रक मी हाकला. ती केबिनमध्ये बसली असेल तर माहेरी जाताना नाहीतर देवाला जाताना. तरी शिकवलं तिनंच.

आमच्या आदिलाबादेत गिअरबॉक्सच्या तेलाला नव्वद म्हणतात. बस, तेवढंच. मराठी ड्रायव्हर नव्वद म्हणतो, मिस्त्री नब्बे म्हणतो, पार्टच्या दुकानातला तेलुगू माणूस तोंभै म्हणतो. तिघं जण तीन भाषांत एकच गोष्ट सांगतात, मग ती खरीच वाटते. मलाही वाटली. पण नव्वद हा निव्वळ तेलाचा जाडपणा आहे. थंडीत तामसी गावाला पहाटे गाडी चालू केली आणि गिअरचा दांडा हलता हलत नसला तर तेल फार जाड आहे. उन्हाळ्यात चढावर गिअरबॉक्स रडायला लागला तर पातळ आहे. नव्वद दोन्हीकडे निभावून नेतं, म्हणून सगळे नव्वद टाकतात. पण त्या नव्वदमध्ये काय मिसळलेलं आहे, ते नव्वद सांगत नाही. मुलीला स्थळ आलं आणि मध्यस्थ म्हणाला, मुलगा पाच फूट आठ इंच आहे, तर आपण तेवढ्यावर पोरगी देतो का?

आमची गाडी जुनी घेतलेली. जिनिंगमधून रुईच्या गाठी भरायच्या आणि नागपूरकडे न्यायच्या, हे तिचं काम. एका वर्षी दुसरा गिअर टाकताना खर्रकन आवाज यायला लागला. मावला गावच्या मिस्त्रीनं गिअरबॉक्स उतरवला, आतल्या पितळी रिंगा नव्या बसवल्या. ह्या रिंगांचं काम फिरत्या गिअरला आवरून धरायचं. त्या धड असल्या तर दांडा गुपचूप पडतो. झिजल्या की दातावर दात आपटतो. मिस्त्रीनं काम चांगलं केलं, खोटं कशाला बोलू? मग एकाच डब्यातून पुढं गिअरबॉक्समध्ये तेल भरलं आणि मागं क्राऊनच्या, म्हणजे मागची चाकं फिरवणाऱ्या दातचक्राच्या, हौसिंगमध्येही भरलं.

मी विचारलं, "दोन्हीकडं एकच?"

"नब्बे तो नब्बेच रहता चचा," तो म्हणाला. "गाडी कू क्या मालूम, कौनसा डब्बा है?"

पुढच्या कापसापर्यंत पुन्हा खर्रकन. मी चिडलो. गाडी घरी आणली, अंगणात लावली, गरम गिअरबॉक्सचा खालचा नट खोलला आणि तेल घमेल्यात काढलं. त्या नटाला आतून चुंबक असतो. तो बघितला, त्याच्यावर लोखंडाचा चुरा जवळपास नव्हताच. मी खूश झालो. म्हटलं, आत सगळं ठीक आहे, हा दांड्याचा दोष असेल.

बायको सुपात ज्वारी पाखडत होती. सूप घेऊनच आली आणि घमेल्यात वाकून बघायला लागली. ऊन तेलावर पडलेलं होतं.

"अवो, ह्या तेलात सोनं कुठलं?"

"कसलं सोनं?"

"चमकून राह्यलं ना. पाहा बरं."

बघितलं तर खरंच. अख्ख्या तेलात पिवळी बारीक चमक, लुगड्याच्या जरीचा भुगा केल्यासारखी. मी म्हटलं, काही नाही, चुंबकाला काही चिकटलेलं नाही.

"पितळ कधी चुंबकाले चिकटते काय?" ती म्हणाली. "भंगारवाला काऊन चुंबक लावून पाह्यते मग? चिकटलं त ठेवते बाजूले, नाई चिकटलं त पितळ म्हणून झटकन पिशवीत टाकते. तुमी एवढी गाडी चालवता, तुमाले भंगारवाल्याएवढं बी समजत नाई?"

नव्या रिंगा तेलात विरघळून घमेल्यात पडल्या होत्या आणि मी नटाकडं बघून खूश होत होतो.

तिथं थांबली असती तर ती कसली. "आतमंदी पितळ हाय," ती म्हणाली, "तर पितळाले हे तेल चालते का, ते कोनं पाह्यलं?" मिस्त्रीच्या डब्यातलं उरलेलं तेल घरी होतं, आणि मला नागपूरच्या एका ड्रायव्हरनं दुसरा डबा दिलेला होता, तोही नव्वदच. तिनं दोन्ही डबे मागून घेतले. आत गेली, दोन पितळी वाट्या घेऊन आली. एकीत ह्या डब्याचं तेल, दुसरीत त्या डब्याचं. आंघोळीच्या पाण्याची चूल विझत आली होती. तिच्या गरम राखेत दोन्ही वाट्या रोवून ठेवल्या आणि मला म्हणाली, "हात नका लावू." मी हसलो. दुपारी तिनं वाट्या पुसून माझ्यासमोर ठेवल्या. नागपूरवाल्या डब्याची वाटी पिवळीच होती, जराशी मंद. मिस्त्रीच्या डब्याची वाटी आतून तव्यासारखी काळी.

मग मी दोन्ही डबे निरखून बघितले. मला इंग्रजी येत नाही, आकडे येतात. दोघांवर नव्वद होतं. पण खाली बारीक अक्षरांपुढं एकावर चार होता, एकावर पाच. काळं करणाऱ्यावर पाच.

ते डबे घेऊन मी दुकानात गेलो, ती बाजाराची पिशवी घेऊन मागं. दुकानदार म्हणाला, "दादा, पाँच बढिया है. चार से बड़ा है ना. सब पाँचच ले जाते." आणि खरंच, सगळे तेच नेत होते. पाच चारापेक्षा मोठा, म्हणजे माल भारी. आकडा मोठा दिसला की आमच्याकडं माणूस जास्त विचारत नाही.

बायकोनं काउंटरवर पिशवी ठेवली. "पाचवीवाल्याचं काय कौतुक सांगता, भाऊ?" ती म्हणाली. "हे आमचे मालक चौथी पास हाय. माह्यं तर चौथीवाल्यावर चांगलं भागून राह्यलं."

दुकानातले सगळे हसले. दुकानदारानं हसत हसत वरच्या फळीवरचा धूळ खाल्लेला चाराचा डबा काढून दिला. रिंगा पुन्हा बसवल्या, चाराचं तेल भरलं आणि त्यानंतर त्या गिअरबॉक्सनं तेलापायी मला कधी त्रास दिला नाही. पाचाचं तेल वाईट नाही, हेही सांगतो. मागच्या क्राऊनला तेच लागतं. तिथं दात दाताला रगडून फिरतो, तिथं ती जहाल मिसळणच पाहिजे, आणि तिथं खायला पितळ नाही. ज्याची त्याची जागा असते. कंपनीच्या पुस्तकात हे सगळं लिहिलेलं असतं म्हणतात. आमची गाडी दुसऱ्याकडून घेतलेली, तिच्याबरोबर पुस्तक आलंच नाही. आमचं पुस्तक म्हणजे त्या वाट्या.

तेव्हापासून आमच्या घरात तेलाचं नाव चौथीवालं.

ती गेली, तिचं वर्षश्राद्ध व्हायचं आहे. घरात माझ्याशी भांडायला कोणी उरलं नाही. सून आदरानं बोलते, मुलगा कमी बोलतो. आदरानं माणसाचं पोट भरत नाही.

गाडी आता मुलगा चालवतो. यंदा कापूस सुरू व्हायच्या तोंडावर त्यानं रिंगा नव्या टाकल्या, गिअरबॉक्स बसवून आणला आणि तेलाचा डबा आणला. डबा नवाच. नव्वद होतं, आणि खाली चारही होता आणि पाचही.

"हे दोन्हीले चालते, बाबा," तो म्हणाला. "गेरबॉक्सले बी अन् क्राऊनले बी. आता असंच येते."

"तुले कोनं सांगतलं?"

"दुकानदारानं."

"त्याच्या बापानं बी असंच सांगतलं होतं."

मुलगा वैतागला. दुसऱ्या दिवशी त्याची पहिली गाठींची खेप भरायची होती. गाडी उभी राहिली तर जिनिंगवाला दुसरी गाडी लावणार, आणि एकदा दुसऱ्याची लागली की हंगामभर तीच. आणि हे तेल घातलं आणि रिंगा गेल्या, तर ऐन हंगामात गिअरबॉक्स पुन्हा खाली. हे दोन्ही मला कळत होतं. मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत थांब.

मी फळीवरच्या तिच्या वाट्या काढल्या. जुन्या चौथीवाल्याचा तळाचा घोट डब्यात होता. एकीत तो, एकीत नवं. राखेत ठेवल्या. दुपारी पुसून बघतो तर दोन्ही काळपट. ही जास्त की ती जास्त, काहीच सांगता येईना. मी उन्हात धरल्या, सावलीत धरल्या. डोळ्यांना पाणी आलं ते धुरानं, असं मी मुलाला सांगितलं. तो बूट घालायला लागला होता.

"बाबा, भरून टाकू?"

तेवढ्यात सून ओट्यावरून उतरली. तिनं माझ्या हातातल्या वाट्या बघितल्या आणि म्हणाली, "मामाजी, तुमी घासल्या होत्या का पहिले?"

"काऊन घासायच्या?"

"पहिले चिंचेनं लख्ख घासायच्या, मग तेल घालायचं. नाई तर जुना काळेपना अन् नवा काळेपना कसा समजन? आईनं मले दाखवलं होतं. दर वर्षी तुमी डबा आनला की त्या मागं न्हाणीपाशी बसून घासत."

मला हे माहीतच नव्हतं. मी डबा आणायचो, तिच्यापुढं ठेवायचो, दुपारी वाटी बघायचो. मधलं काम कधी झालं, ते मी कधी बघितलं नाही. वाटायचं, वाट्या आपसूक पिवळ्या असतात.

सुनेनं चिंच भिजवली, वाट्या घासल्या. अशा निघाल्या की त्यांत तोंड दिसावं. पुन्हा तेल घातलं. ह्या वेळेस ती स्वतः राखेपाशी बसली, निखारा मागं-पुढं करत. मुलगा बूट घालून ओसरीत बसून राहिला. ऊन उतरायच्या आत तिनं वाट्या पुसल्या. चौथीवाल्याची पिवळी. दोन्हीला चालणाऱ्याची आतून काळी ठिक्कर.

मुलानं वाटी हातात घेतली, बोटानं घासून बघितली. काळं गेलं नाही. डबा उचलला आणि दुकानात गेला. चौथीवालं तिथं नव्हतं, स्टेशनकडच्या दुकानात मिळालं. नरसाळ्याला नळी लावून गिअरबॉक्सच्या बाजूच्या बुचाच्या भोकातून भरलं. भोकाच्या काठावरून तेल वाहायला लागलं तेव्हा थांबलो आणि करंगळी घालून पातळी बघितली. ही करंगळीची रीत सुनेला दाखवली, मुलाला तर येतच होतं.

मुलानं गाडी चालू केली, अंगणातून रस्त्यावर घेतली. पहिला टाकला. मग दुसरा. मी कान देऊन उभा होतो. काही ऐकू आलं नाही. म्हणजे पडला.

"बाबा!" तो केबिनमधून ओरडला. "पडला!"

सून दारात उभी होती, हातात त्या दोन वाट्या. ती म्हणाली, "चौथीवाल्यावर चांगलं भागते," आणि म्हणताना शेवटचा शब्द माझी बायको ओढायची तसाच ओढला.

मी म्हटलं, "पोरी, ते ती तेलाबद्दल नाई म्हणत होती. माह्याबद्दल म्हणत होती. मी चौथी पास."

"मले मालूम हाय, मामाजी," सून म्हणाली. "आई दोघांबद्दल म्हणत."