हातात मावणारा बंब

वर्कशॉपमध्ये दोन गोष्टी कितीही झाडल्या तरी साठतातच. एक पत्र्याचे तुकडे आणि दुसरे किस्से. तुकडे निदान भंगारवाला नेतो. किस्से कोण नेणार? म्हणून सांगून टाकतो.

डहाणूत माझं आणि दिलीपचं छोटं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. गेट, ग्रिल, वाडीच्या कुंपणाचे झापे, असली कामं. एकदा चिकूच्या वाडीत तंबू लावून पाहुण्यांना कॅम्पिंग करवणारी एक ताई तिची गळकी किटली घेऊन आली. खाली काटक्या पेटवायची वाटी, मधून धुराडं, धुराड्याभोवती पाणी. दिलीपने ती उलटीसुलटी करून पाहिली. "गळती काढतोच ताई. पण आपण हिच्याहून चांगली बनवू!"

झालं! हातातलं गेट राहिलं बाजूला.

पहिला नमुना मी कौतुकाने घरी नेला. माझ्या बायकोने, वैशालीने, तो हातात घेऊन सगळीकडून फिरवून पाहिला. मग म्हणाली, "अहो, हा आंघोळीचा बंब बाहुलीसाठी का?"

तेव्हापासून त्याचं नाव बंबच पडलं.

*

पहिली ट्रायल आगरच्या किनाऱ्यावर. वाऱ्यात पेटत नाही, म्हणून दिलीपने खालच्या वाटीला सगळीकडून भोकं पाडली होती. पेटलाय की नाही, हे बघायला तो धुराड्यावर वाकला, आणि नेमका तेव्हाच पेटला!

देवाची कृपा, डोळा वाचला. डावी भुवई मात्र गेली. उरलेली उजवी एकटीच वर चढलेली दिसायची.

दुसऱ्या दिवशी ज्यांचं गेट राहिलं होतं ते काका आले. "झालं का हो गेट?"

दिलीप म्हणाला, "नाही काका, अजून."

काका त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. "झालं नाही, याचं तुम्हालाच एवढं नवल वाटतंय?"

भोकं मग आम्ही एकाच बाजूला ठेवली. वारा असेल तिकडे ती बाजू करायची, बस.

*

पुढची आयडिया माझी. वाफ वाया जाते, तर तोंडाला घट्ट लाकडी बूच मारू म्हटलं. आम्ही दुकानामागे बंब पेटवून लांब उभे राहिलो, एवढी तरी अक्कल होती. फाट्! बूच उडालं ते थेट शेजारच्या कुसुमकाकूंच्या चिकूच्या झाडात. वरून दोन चिकू टपाटप खाली.

काकू ओटीवरूनच ओरडल्या, "बरं झालं! वरच्या फांदीला चिकू उतरवायची बेडणी पोचतच नव्हती. अजून एक मारा!"

त्या दिवसापासून बुचाला साखळी. पाणी तापताना ते बाहेरच लोंबतं.

*

कॅम्पिंगवाल्या ताईंनी नमुना पाहुण्यांना वापरायला नेला. परत आणताना खूश! "चहाला काय सुंदर धुरकट फ्लेवर येतो! कसं केलंत?"

खरं तर केलं काहीच नव्हतं. पाण्याचं तोंड धुराड्याला फार जवळ होतं. वारा फिरला की सगळा धूर चहात. त्याच सकाळी दिलीपने नवीन डिझाइन काढून तोंड खाली सरकवलं होतं.

ताई गेल्यावर मला म्हणाला, "आता ही चूक परत कशी करायची?"

*

शेवटची ट्रायल उधव्याला, दिलीपच्या जानूमावशीकडे. तिचे दोन मुलगे, काशिनाथ आणि देवजी, शेजारी शेजारी राहतात. पण विहिरीच्या पंपावरून बिनसल्यापासून एकमेकांशी बोलत नव्हते. मावशीने फोनवर सांगितलं, "तुमचा बंब घेऊन या. मी दोघांना बघायला बोलावते."

दोघं आले. एक अंगणाच्या या टोकाला बसला, एक त्या टोकाला. दिलीपने काटक्या पेटवल्या.

काशिनाथ कोणाकडेच न बघता म्हणाला, "हवा खालून घेतो काय?"

देवजीने जमिनीकडे बघून उत्तर दिलं, "खालूनच घेणार. वरून घेईल काय?"

तेवढ्यात पाणी खळखळलं. दिलीप आनंदाने ओरडला, "बघा मावशी! झालं पण!"

मावशी उठली. कडीला धरून बंब उचलला आणि सगळं उकळतं पाणी अंगणाच्या कडेला ओतून दिलं.

"कचरा होता पाण्यात. परत भर."

"अगं मावशी, स्वच्छ होतं..."

मी दिलीपचा पाय दाबला. त्याने गुपचूप बंब भरला.

काटक्या संपल्या होत्या. देवजी उठून कुंपणाजवळून वेचून घेऊन आला. काशिनाथ म्हणाला, "ओल्या आणल्यास." देवजी म्हणाला, "मग तू आण!" काशिनाथ खरंच गेला आणि सुक्या घेऊन आला. धूर चुकवायला दोघं बंबाच्या एकाच बाजूला बसले. मग पंपाचं निघालं. आवाज चढले, उतरले, परत चढले. पाणी उकळत राहिलं. मावशी चहापत्तीचा डबा मांडीवर घेऊन बसली होती, झाकण काही उघडत नव्हती.

चहा झाला तेव्हा ऊन अंगणातून सरकलं होतं.

निघताना मावशी दिलीपला बाजूला घेऊन म्हणाली, "बंब भारी आहे रे. पण जरा हळू करता येईल काय?"