पाळण्याचा हूक

आमच्या खालच्या मजल्यावर एक फिटर राहतात. अणुवीज केंद्रात आग विझवायला पाणी नेणारे पाइप भूकंपातही जागचे सुटू नयेत, म्हणून लागणारे लोखंडी आधार ते सातपूरच्या एका कारखान्यात बनवतात. त्यामुळे दिसेल ती वस्तू धरून हलवायची त्यांना खोडच लागली आहे. जिन्याचा कठडा, माझी खुर्ची, एकदा तर पाहुण्यांची स्कूटर! "जमीन हालली तरी पाणी पोचलं पाहिजे, काकू," असं वर मलाच ऐकवतात. 'पास' मात्र कशालाच म्हणत नाहीत.

माझ्या नातीच्या बारशाला आले आणि छतातल्या हुकाकडेच बघत राहिले. "पाळणा काढा जरा," म्हणाले. हुकात दोर अडकवला आणि इस्त्रीच्या शर्टासकट स्वतःच लोंबकळून झोके घेऊ लागले. बायका पाळणा म्हणायचं सोडून हसत सुटल्या. माझा जीव टांगणीला. हूक हलला नाही.

"चालंल," एवढंच म्हणाले.

मग नातीला बघायला वाकले, तर तिने त्यांचं बोट मुठीत धरलं. त्यांनी सवयीने हलवून पाहिलं. सुटेना. पुन्हा हलवलं.

"काकू," ते ओरडलेच, "लय पक्कं हाय! पास!"