इंजिनवाल्याचे कान

आमच्या ह्यांच्याशी बोलायचं म्हणजे आधी दंड धरून हलवायचं, मग समोर उभं राहायचं आणि मग ओरडायचं. एकदा शेजारीण काळजीने विचारायला आली, "ताई, सगळं ठीक आहे ना? सकाळपासून भांडण ऐकू येतंय." कसलं भांडण, कपाळ माझं! चहा घेणार का, एवढंच विचारत होते मी.

कान गेले ते विमानांपायी. हे हवाई दलात, लढाऊ विमानांच्या एका तुकडीत, म्हणजे विंगमध्ये, इंजिन मेकॅनिक. लग्नाआधी लागले ते निवृत्त होईपर्यंत त्याच तळावर. उघडलेलं इंजिन पुन्हा जोडलं की विमान वर पाठवण्याआधी जमिनीवरच साखळ्यांनी बांधून पूर्ण जोरात चालवून बघतात. तेव्हा हे शेजारी उभे. कानांवर लावायला जाड झाकणं मिळायची, पण हे एका बाजूचं वर सरकवून ठेवायचे. का, तर इंजिन काय म्हणतंय ते कळायला नको? इंजिनाचं ऐकलं, डॉक्टरचं नाही ऐकलं, माझं तर नाहीच नाही. आधी उजवा कान गेला, मग डावाही त्याच वाटेने गेला. विंगमध्ये ह्यांचं नाव पडलं भोंगा. बहिरा माणूस हळू कसा बोलणार?

आणि त्या विंगचं काम तरी काय, तर कायम तयार राहायचं. सीमेकडून अनोळखी विमान दिसलं की घंटा वाजणार, वैमानिक धावणार आणि कपातला चहा निवायच्या आत दोन विमानं आकाशात. बहुतेक वेळा वाट चुकलेलं प्रवासी विमानच निघायचं. पण घंटा कधी वाजेल ते कुणी सांगावं? म्हणून विमानं सदा धडधाकट हवीत, आणि म्हणून हे घरात पाहुण्यासारखे. लेक जन्मली तेव्हा हे विमानांच्या शेडमध्ये. लेक लांबच्या शहरात नोकरीला निघाली तेव्हाही शेडमध्येच. निवृत्त झाले तेव्हा म्हटलं, चला, आता माणूस आपल्या वाट्याला आला. आला, पण कान तिकडेच ठेवून आला!

लेकीने हौसेने कानाचं मशीन पाठवलं. चांगलं, नव्या पद्धतीचं. ह्यांनी ते एकदा लावलं, "शिट्ट्या मारतं" म्हणाले आणि मोज्यांच्या कप्प्यात टाकून दिलं. किती सांगितलं, पालथ्या घड्यावर पाणी. "आता ऐकण्यासारखं राहिलंय काय?" हे वर.

राहिलंय काय म्हणे! नात आहे ना! नुकती शाळेत जायला लागलेली, आणि बोलायला अशी की श्वास घ्यायची फुरसत नाही. एकदा व्हिडिओ कॉलवर ती ह्यांना सांगत होती, शाळेत झोक्यावरून पडले, रक्त आलं, खूप रडले. ह्यांनी तिच्याकडे बघून हसत मान डोलावली, "शाब्बास! शाब्बास!" पोरीचं तोंड एवढंसं झालं. पुढच्या वेळी फोन लावला तर आईला म्हणाली, "आजोबांना नको देऊ. ते खोटं खोटं ऐकतात." तेव्हापासून लांबून हात हलवते आणि पळून जाते. हे म्हणतात, लाजाळू आहे. माझा जीव तुटतो.

"मशीन लावा, नाहीतर पोर कायमची दुरावेल," मी गळा ताणून सांगितलं.

"मोठी झाली की येईल आपोआप," हे म्हणाले.

अशात तळावरून बोलावणं आलं. जुनी विमानं मोडीत निघणार, विंग बंद होणार, जुन्या लोकांनी शेवटचं उड्डाण बघायला यावं. त्या दिवशी बघते तर काय, हे आरशासमोर बसून स्वतःच्या हाताने मशीन कानात बसवतायत!

"अहो, हे काय नवीन?"

"शेवटचं इंजिन ऐकायला नको?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नात घसा फोडून बोलली तेव्हा मशीन मोज्यांत, आणि इंजिनासाठी नवी बॅटरी!

तळावर मांडव, खुर्च्या, झेंडे. एका मोठ्या अधिकाऱ्याने विंगचा इतिहास वाचला. चिखलाच्या मैदानावर तंबू ठोकून सुरुवात कशी झाली, पंख्याची विमानं जाऊन जेट कशी आली, युद्धात शहरावर येणारा हल्ला वाटेतच कसा परतवला. कोण कोण प्रमुख झाले, कुणाला कुठलं पदक मिळालं. एरवी असल्या समारंभात हे आजूबाजूला बघून टाळ्या वाजवतात. त्या दिवशी पुढे वाकून शब्द न् शब्द ऐकत होते. शेवटी अधिकारी म्हणाला, "आणि अर्थातच, जमिनीवर राबणारे इतर सर्वजण." एवढं बोलून तो पाणी प्यायला.

"झालं? आम्ही एवढेच?" ह्यांनी मला विचारलं. हळूच विचारल्यासारखं, पण भोंगाच तो. पुढची अख्खी रांग वळली.

तेवढ्यात विमानं आली. खुर्च्या थरथरल्या, माझ्या छातीत धडधडलं. आणि हे कानावर टिचक्या मारत बसलेले! ते शहाणं मशीन मोठा आवाज आपणहून दाबून टाकतं म्हणे, कान जपायला. "डब्यात माशी कोंडल्यासारखं वाटतंय. हे आमचं इंजिन नव्हे," असं म्हणत ह्यांनी मशीन उपसेपर्यंत विमानं पार दिसेनाशी झाली होती. ह्यांनी ते मुकाट्याने पुन्हा कानात घातलं. मला कीव आली, आणि कीव आली म्हणून अजून राग आला.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून नेहमीसारखी पुटपुटायला लागले. "भोगा आता. लोखंडाला कान देऊन बसलात, त्यानं ओळख तरी दिली का? आणि तिकडे पोटच्या लेकीची पोर म्हणते, आजोबा खोटं खोटं ऐकतात, फोन देऊ नको. आणि ह्यांचं आपलं लाजाळू, लाजाळू."

"कोण म्हणतं असं?"

मी दचकले. हे माझ्याकडेच बघत होते.

"चिमुरडीच म्हणते. दुसरं कोण?"

"मग मला सांगायचं नाही?"

"सांगितलं होतं. त्याच दिवशी, शेजारी बसून. असलं ओरडून सांगता येत नाही हो!" माझा आवाज फाटला. बसमधली माणसं बघायला लागली. बघू देत.

घरात शिरल्यावर बूटही न काढता ह्यांनी लेकीला फोन लावला आणि म्हणाले, "चिमुरडीला दे."

पलीकडे कुजबुज झाली. मग लेक म्हणाली, "बाबा, ती नको म्हणतेय. खेळतेय ती. नंतर कधीतरी."

इतकी वर्षं असलं काही ह्यांच्या कानापर्यंत पोचत नव्हतं. आज स्पष्ट पोचलं. तोंड उतरलं, पण फोन ठेवला नाही. "खेळू दे तिला. मी थांबतो," म्हणाले.

मला सुचेना, रागवायचं कुणावर. पोरीवर? त्या अधिकाऱ्यावर? तडक स्वयंपाकघरात गेले आणि धुतलेली भांडी दाणदाण मांडणीवर आपटायला लागले.

"अगं, हळू जरा," बाहेरून हे म्हणाले, "ती आलीच तर ऐकू यायला हवं."